पहिल्या भाकरीचा चतकोर

"पहिल्या भाकरीचा चतकोर बाजूला काढत जा पोरी. आन् कुणासाठी, ते इचारू नगंस."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सासरच्या चुलीपुढं बसले होते, तेव्हा मागून हा आवाज आला. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मी नेमाधर्माच्या घरातून आलेली. गाईचा घास, कावळ्याचा घास मला नवा नव्हता. मी मुकाट्यानं चतकोर मोडून ताटलीत ठेवला आणि गोठ्याकडं निघाले, तर म्हणाले, "गाईला न्हाई. माणसाला द्यायचा. आन् शक्यतो वळखीचा नको. परमुलखातला बघायचा."

कोरेगाव तालुक्यातल्या त्या लहानशा गावात रोज परमुलखातला माणूस कुठून आणायचा? पण आबा शोधायचे. बोअर मारायला आलेला मद्रासी, ट्रक बंद पडून अडकलेला सरदारजी, मेंढरं घेऊन जाणारा कानडी धनगर. कुणीच सापडलं नाही तर वेशीबाहेर रस्त्याला जाऊन उभे राहायचे. पुढं आम्ही नवराबायको पुण्याला आलो आणि माझं काम सोपं झालं. आमच्या इमारतीचा वॉचमन नेपाळी होता. पंचवीस वर्षं मी तो चतकोर काढत राहिले. कुणासाठी, हे विचारलं नाही.

माझे स्वतःचे नेम दोन. सकाळचा हरिपाठ पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, आणि दिवेलागणीपर्यंत कुणाची निंदा करायची नाही. पहिला सोपा. दुसऱ्यानं मला फार छळलं, कारण मी ज्या धंद्यात होते तिथं सकाळी दहालाच निंदेची तल्लफ येईल अशी माणसं भेटायची. हे सगळं मी आता देवापुढं दिवा लावून झाल्यावर लिहायला बसले आहे. तेव्हा मोकळी आहे.

मी डबिंग करायची. परदेशी चित्रपटांना, कार्टूनला मराठी आवाज द्यायची. माझा आवाज बारीक आणि हळू. त्यामुळं बायका मला कधी मिळाल्या नाहीत. ससे मिळाले, चिमण्या मिळाल्या, आजारी मुलं मिळाली. बावीस वर्षांत माझं नाव एकदाही पडद्यावर आलं नव्हतं. ते यावं असं मला वाटे. नेम करणाऱ्या बाईला हाव नसते असं लोक समजतात, ते त्यांनी नेम न केल्यामुळं.

आणि मग ते कार्टून आलं. 'तोफखाना हॉस्टेल'.

गेल्या महायुद्धावरचं विनोदी कार्टून. जग म्हणजे एक वसतिगृह, प्रत्येक देश म्हणजे त्यातला एक मुलगा, आणि युद्ध म्हणजे खानावळीतली मारामारी. ज्यांनी हे काढलं त्यांनी एकेका देशाला एकेक खोड चिकटवली आणि हात झटकले. जर्मनी पट्टी घेऊन ताटातले वाटाणे मोजायचा. इंग्लंड भर मारामारीत चहा गाळायचा. अमेरिका तोंडात बकाणा भरून सगळ्यात शेवटी यायचा आणि आपणच जिंकलो म्हणून सांगायचा. कुणी मरायचं नाही. तोफेतून पुरी निघायची, ज्याला लागेल त्याच्या डोक्यावर टेंगूळ यायचं, आणि पुढच्या प्रसंगात ते गेलेलं असायचं. एवढं मोठं युद्ध, कोट्यवधी माणसं मातीत गेलेली, त्याचं यांनी टेंगूळ केलं होतं.

आपला देशही होता त्यात. ट्रे घेऊन यायचा, मान डोलवायचा, 'होय सायेब' म्हणायचा आणि जायचा. सव्वीस भागांत त्याला तेवढंच वाक्य.

"याला सातारी टोन देऊ," तुषारसर म्हणाले. "लोकांना फनी वाटतं."

तुषार देवधर हे आमचे डबिंग दिग्दर्शक. वय तिशीतलं, गळ्यात कायम हेडफोन, बाहेर चहाच्या टपरीवरसुद्धा. माझं सासर साताऱ्याकडचं हे त्यांना ठाऊक होतं. मी मान डोलावली. तेवढी कला मलाही येत होती.

माझ्याकडं इटली आला. नाव 'इटलू'. गोल पोटाचा, आळशी, गाणी म्हणणारा, आणि कुणी नुसतं डोळे वटारले तरी काट्याला पांढरा रुमाल बांधून उभा करणारा. त्याला एक आई होती, हातात लाटणं घेतलेली, त्याच्याहून भित्री. दोन्ही आवाज माझे. "रत्नाताई, हा कार्टूनचा हिरो आहे," तुषारसर म्हणाले होते. "प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तुमचं नाव टाकतो." सव्वीस वेळा माझं नाव. मी घरी येऊन मोजलं होतं.

आबांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी गावभर केलं. "आमच्या सूनबाईचा आवाज टीव्हीवर येनार." कशात येणार, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सांगायला जीभ रेटली नाही याला कारण होतं. आबा स्वतः त्या लढाईत होते. विशीतले होते. घरी 'बेपत्ता' अशी तार आली होती, घरच्यांनी आशा सोडली होती, आणि तीन वर्षांनी हा माणूस पाठीवर पिशवी टाकून वेशीतून चालत आला होता. दर पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडा त्यांच्या हातून. दर वर्षी हेडमास्तर तेच सांगायचे, शत्रूच्या मुलखात तीन वर्षं एकटा झुंजलेला वीर. आबा तेव्हा मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसायचे. आम्ही समजायचो, विनय.

त्या पावसाळ्यात आबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला त्यांना पुण्याला आणलं. ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यावर काळा चष्मा, आठवडाभर एकट्यानं राहायचं नाही. माझे यजमान कामानं नागपूरला गेलेले. तुषारसरांनी तर एकही दिवस सुट्टी मिळणार नाही असं बजावलेलं. मग तिसऱ्या दिवशी मी आबांना रिक्षात घालून स्टुडिओत घेऊन गेले.

स्टुडिओ कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एका इमारतीच्या तळघरात. काचेच्या एका बाजूला माइक, स्टँड आणि मी. दुसऱ्या बाजूला यंत्रं, तुषारसर आणि शिर्के. शिर्के ध्वनिमुद्रण करायचे. पन्नाशीचा माणूस, दिवसाला चार वाक्यं बोलणारा. आबांना बघून ते उठले आणि आपली गादीची खुर्ची त्यांना दिली.

"बसा. जवळून दिसेल तुम्हाला."

"एका डोळ्यानं जेवडं दिसल तेवडं," आबा म्हणाले. काठी गुडघ्यांत धरून बसले.

तुषारसरांनी हात जोडल्यासारखं केलं. "आजोबा, आवाज करायचा नाही हं. खोकला आला तर बाहेर."

"न्हाई करत."

आतल्या पडद्यावर प्रसंग सुरू झाला. जर्मनीनं पट्टी घेऊन इटलूच्या खोलीचं दार ठोठावलं. इटलू पलंगाखाली. आई दारात. जर्मनी ओरडतो, आई लाटणं टाकते, आपल्या पोराला कानाला धरून बाहेर ओढते आणि पुढं करते. ओळ माझ्या कागदावर होती: 'पोरगं न्या हवं तर, पण माझी कढई सोडा.'

मी म्हटली. तुषारसरांचा आवाज कानात आला. "अजून लाचार. ताई, तुम्ही फार सोज्वळ बोलता. ही बाई सोज्वळ नाहीये. पोरगं विकतेय ती. परत."

परत म्हटली. आणखी परत. चौथ्या वेळी जमलं. काचेपलीकडं तुषारसर मांडीवर थाप मारून हसले. शिर्के यंत्राकडं बघत होते. आबांच्या काळ्या चष्म्यामागं काही दिसत नव्हतं. ते हसले नाहीत, पण मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्यानं हसलंच पाहिजे असं काही नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि पाणी प्याले.

चहाच्या सुट्टीत शिर्क्यांनी त्यांना गाव विचारलं. गावावरून फौज निघाली, फौजेवरून लढाई. तुषारसरांचे कान टवकारले.

"एक मिनिट. आजोबा, तुम्ही खरोखरच्या त्या वॉरमध्ये होता? इटलीविटलीकडं?"

"व्हतो."

"रत्नाताई, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

तोंडावर आलेलं उत्तर मी चहाबरोबर गिळलं. दुपारचा एक वाजला होता. दिवेलागणीला फार वेळ होता.

"ऐका, एक भन्नाट डोक्यात आलंय," ते म्हणाले. "जाहिरात. काळ्या पडद्यावर नुसता आवाज. म्हातारा, थरथरता, ओरिजिनल सातारी. 'म्या लढाईत व्हतो. इटलीवालं असंच पळायचं.' आणि धाडकन इटलू येतो रुमाल हलवत. लोक फिदा होतील. खरा सैनिक बोलतोय म्हटल्यावर आपल्याला कुणी काही बोलायलाच नको." मग आबांकडं वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं, "आजोबा, दोनच वाक्यं. म्हणाल ना? तुमच्या सुनेच्या कार्टूनसाठी?"

आबा माझ्याकडं बघत होते. एका डोळ्यानं.

"तुझं नाव यायचं हाय न्हवं त्यात?" त्यांनी विचारलं.

"हो, आबा."

इथं मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मला वाटलं, दोनच तर वाक्यं आहेत. देशादेशांची टिंगल करणाऱ्यांना मी मनातल्या मनात तुच्छ लेखत होते, आणि नावासाठी सासऱ्याला माइकपुढं उभं करत होते. तुषारसर निदान उघड बोलत होते.

शिर्क्यांनी आबांना धरून आत आणलं. माझ्याच माइकपुढं स्टूल ठेवलं. मी शेजारी उभी राहिले, लागलं तर वाक्य सांगायला. काचेवरचा लाल दिवा लागला.

"चला आजोबा. 'म्या लढाईत व्हतो.'"

"म्या लढाईत व्हतो," आबा म्हणाले.

"सुंदर. आता, 'इटलीवालं असंच पळायचं. पांढरं फडकं काडून.'"

आबा थांबले. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

"पांढरं फडकं म्या काडलं व्हतं," ते म्हणाले.

"नाही नाही आजोबा. 'त्यांनी.' परत घेऊ."

"त्येंनी न्हवं. म्या." आवाज चढला नव्हता. शाळेत प्रार्थना म्हणावी तसा होता. "वाळवंटात घेरलं आमाला. मोठ्या सायबानं हुकूम दिला, हत्यार टाका. फडकं कुणाकडं व्हतं? माझ्या पिशवीत धोतराचा तुकडा व्हता. आईनं फाडून दिल्येला, भाकरी बांधायला. त्यो बंदुकीला बांधून म्या उभा ऱ्हायलो. हजारो मानसं व्हती मागं. म्होरं म्या."

"पण आबा, तुम्ही तर तीन वर्षं शत्रूच्या मुलखात..." माझ्या तोंडून गेलं.

"वरीसभर इटलीत तारंच्या आत बसलो. मग त्येंचं राज्य कोसाळलं, पहारंवालं गेलं, आमी पळालो. लढलो कवा?"

काचेपलीकडं तुषारसरांनी शिर्क्यांना बोटानं खूण केली, चालू ठेव. लाल दिवा तसाच होता.

"डोंगरात एका बाईनं ठिवून घेतलं मला. मेंढरांच्या गोठ्यात. नऊ म्हैनं. कोंचेता नाव तिचं, म्या कोंचाई म्हनायचो. जर्मन यायचं झडती घ्यायला. घरात कैदी गावला तर घर पेटवायचं. तिच्या शेजारचं पेटवलं, म्या गवतातनं बघितलं. दुसऱ्या दिशी ही बाई गवताची पाटी डोक्यावर घिऊन परत हजर. पाटीत भाकरी. त्येंचा पाव गोल आस्तो, ह्येवडा मोठा. त्येचा चतकोर मोडायची आन् हातावर ठिवायची."

चतकोर हा शब्द मी ऐकला. समोरच्या स्टँडवरचा कागद मी उगीचच सरळ केला.

"मगाशी त्या चित्रातली बाई म्हनत हुती, पोरगं न्या," आबा म्हणाले. "कोंचाईचं पोरगं न्हेलंच व्हतं. विंग्रजांनी आफ्रिकंत धरलं आन् बोटीनं आपल्या मुलखात आनलं. हितं छावनीत व्हता त्यो, तारंच्या आत. चिठ्ठी यायची तिला, हिंदुस्थानचा शिक्का आस्लेली. म्या हिंदुस्थानचा म्हटल्यावर तिनं दंडाला धरून आत घ्येतलं मला. म्हनली, माज्या पोराला तिकडं कुनाची तरी आई देत आसंल." त्यांनी काठी उचलून पुन्हा टेकली. "तुमचं चित्र चांगलं हाय. रंग चांगलं हायेत. पर भ्याड कोन, त्येवडं चुकलंय."

मग कानात बटण दाबल्याचा आवाज आला आणि तुषारसर बोलले. ते फक्त मलाच ऐकू जातंय असं त्यांना वाटत होतं, पण आबांच्या कानावरही हेडफोन होते.

"ताई, हे तर सोनं निघालं. पुढचं सगळं रडगाणं कापून टाकू. 'पांढरं फडकं म्या काडलं', एवढंच ठेवायचं. त्यावर इटलूचं हसणं. आपल्याच लोकांवर जोक, म्हणजे कुणी तक्रार पण करणार नाही. शिर्के, आलं ना नीट?"

शिर्के यंत्रावर वाकले होते. बराच वेळ वाकलेले होते.

"नाही आलं, सर."

"म्हणजे?"

"माइकची वायर सैल होती. नुसती खरखर आलीय."

"लाल दिवा चालू होता ना."

"दिवा चालू होता. आवाज नाही आला." त्यांनी एक बटण दाबलं. दिवा विझला. बावीस वर्षांत शिर्क्यांची वायर सैल झालेली मी पाहिली नव्हती.

तुषारसर पाच मिनिटं यंत्रांवर चिडले, मग जेवणाच्या डब्यावर, मग वेळेवर. मग म्हणाले, "जाऊ दे. आजोबांना बाहेर बसवा. ताई, इटलूच्या आईची ती ओळ क्लोजअपमध्ये परत आहे. 'पोरगं न्या हवं तर.' घेऊन टाकू."

"ती माझ्याच्यानं होणार नाही," मी म्हटलं.

"का? सकाळी तर झाली."

"सकाळी झाली."

"घसा बसला का? गरम पाणी सांगू?"

"घसा बरा आहे."

ते काचेला नाक लावून माझ्याकडं बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, हे मी दिवेलागणीनंतरही म्हणू शकते. त्यांच्या आत दुसऱ्याचं दुःख ठेवायला जागाच केलेली नव्हती. जिथं ती असते तिथं त्यांनी विनोद भरून ठेवले होते. "ताई, तासाभरात दुसरी बाई मिळते मला. नाव जाईल तुमचं."

"मिळेल," मी म्हटलं आणि हेडफोन स्टँडवर अडकवले.

दुसरी बाई तासाभरात नाही, पण दोन दिवसांत मिळाली. ते कार्टून आलं, दोन महिने चाललं आणि गेलं. आज कुणाला आठवतसुद्धा नाही. मी एकही भाग पाहिला नाही.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. मी चहा केला. आबांनी बशीत ओतून घेतला, पण प्याले नाहीत. खिडकीतून खाली वॉचमनच्या खोलीकडं बघत होते.

"दिला का आज त्येला?"

"सकाळीच दिला, आबा."

"हं."

थोड्या वेळानं मी म्हटलं, "कुणासाठी ते विचारू नको म्हणाला होता."

"इचार आता."

"तिच्यासाठी ना? कोंचाईसाठी?"

"तिच्यासाठी न्हाई गं. ती कशाला मागतीय माझ्याकडं." त्यांनी बशी खाली ठेवली. "तिच्या पोरासाठी. दोमिनिक. निघताना तिनं येकच मागितलं. म्हनली, घरी गेलास की माज्या पोराला येकदा तुज्या आईच्या हातचं जेवू घाल. येकदा. म्या तिच्या पायाला हात लावून व्हय म्हनलं."

"मग?"

"मग विंग्रजांची फौज आली, वरीसभरानं म्या घरी आलो. गावानं वाजवत न्हेलं. म्या कैदेत व्हतो, फडकं म्या धरलं, ह्ये सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आज सांगू, उद्या सांगू. हेडमास्तरच्या बानं पयलं भाषण ठोकलं, तवा म्या न्हाई म्हनायला पायजे व्हतं. म्हनलो न्हाई." त्यांनी काळा चष्मा काढला, पट्टीच्या कडेनं हळूच बोट फिरवलं. "पलटनीच्या कारकुनाला कोंचाईनं दिल्येला दोमिनिकचा कैदी नंबर दाखवला. त्यानं छावनी सांगितली. गावापास्नं येका दिसाची वाट. आईला म्हनलं, दोन भाकरी बांद, पिठलं दे, दोस्ताला न्यायचंय. गेलो. तारंपातूर गेलो पोरी. फाटकावर पहाऱ्याला कोन उबा आसंल?"

"कोण?"

"आमच्या आळीतला धोंडी सुतार. मला बघून हसला. म्हनला, आरं ज्ञानू, तू हिकडं कुठं? ह्या इटलीवाल्यांत तुजं काय काम?" खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. "म्या म्हनलं, काय न्हाई, सहज आलतो. आन् फिरलो. वड्याच्या कडंला बसलो आन् त्या दोनी भाकरी म्याच खाल्ल्या."

मी त्यांच्या बशीकडं बघत होते. चहावर साय धरली होती.

"पुढच्या सालात त्या समद्यांना बोटीत घालून परत धाडलं म्हनं. त्यो गेला, का हितंच मातीत ऱ्हायला, म्हाईत न्हाई. तवापास्नं चतकोर काडतो. परमुलखातल्याला देतो. त्यानं फिटत न्हाई. ह्ये मला म्हाईत हाय आन् त्येलाबी म्हाईत आसंल."

"ती छावणी कुठं होती, आबा?"

त्यांनी जागेचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. आता तिथं माळ आहे, दगडी चौथरे आहेत आणि कडेला जुनं कुंपण घातलेली थोडी थडगी आहेत, एवढं मला आज माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की त्या बाजूला स्वारगेटवरून एसटी जाते. आबांनी तेच विचारलं.

"यस्टी जाती का तिथं?"

"जाते. पण डॉक्टरांनी..."

"डाक्तर डोळ्याचा हाय," आबा म्हणाले, आणि आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं हरिपाठाला बसले होते. निम्मे अभंग झाले असतील. मागच्या खोलीत कापड फाटल्याचा आवाज आला. एकदा, मग थांबून परत, लांब. मी डोळे उघडले नाहीत. पुढचा अभंग म्हणत राहिले. मग स्वयंपाकघरात डबा उघडल्याचं ऐकू आलं, परातीत पीठ पडलं, आणि काहीतरी जमिनीवर सांडलं.

मी वही मिटली. लहानपणापासून मी हरिपाठ निम्म्यात कधी सोडला नव्हता. तापात नाही, बाळंतपणात नाही, आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

आबा ओट्याशी उभे होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, डोळ्यावर हिरवी पट्टी. हातांना कोपरापर्यंत पीठ. शेजारी त्यांच्या नव्या कोऱ्या धोतराचा एक चौकोनी तुकडा घडी घालून ठेवला होता.

"आई न्हाई आता," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "घरच्या बाईच्या हातची चालंल का, काय म्हाईत."

मी त्यांच्या हातून परात घेतली. नेम पुरा झाला नव्हता, म्हणून बोलले नाही. पीठ मळलं, तवा ठेवला, दुसऱ्या शेगडीवर पिठलं टाकलं. पहिली भाकरी फुगली, ती तव्यावरून काढली आणि सवयीनं माझी बोटं चतकोर मोडायला गेली. आबांनी हात आडवा धरला.

अख्खीच बांधली. तिच्यावर दुसरी, वर पिठल्याचा डबा, कांदा. त्यांनी गाठ स्वतः मारली, दोनदा ओढून बघितली, आणि गाठोडं सदऱ्याच्या आत छातीशी धरलं.

बाहेरच्या खोलीत माझा मोबाइल वाजायला लागला. तुषारसरांचं नाव होतं. तो वाजत राहिला. मी कुलूप शोधत होते, पायात चपला सरकवत होते. तोवर दार उघडून आबा बाहेर गेले होते, काठी दारामागं तशीच टेकवून, आणि एका डोळ्यानं पायरी अजमावत, एक हात कठड्यावर आणि एक छातीवर ठेवून, हळूहळू जिना उतरायला लागले होते.